जनावर ठणठणीत, तरी गोचीड मोजा : रक्तस्रावी तापावर गोठ्यातून नजर ठेवण्याची रीत

"ढोर तं मस्त चरून राह्यलं, दूध बी देऊन राह्यलं. मंग कायले मोजता गोचड्या, भाऊ?"

आर्वीच्या अलीकडच्या एका गावात एका काकूंनी हे विचारलं, तेव्हा मी त्यांच्या गाईच्या कासेजवळ उकिडवा बसलो होतो, हातात चिमटा. प्रश्न रास्तच होता. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी सारी नोकरी आजारी जनावर बघण्यात गेली. लाळ गळते का, रवंथ बंद आहे का, पाय ओढतं का, एवढंच बघायची सवय. आणि इथे मी सांगत होतो की एक ताप असा आहे, जो गाईच्या रक्तातून आठवडाभरात निघून जातो, गाय कानसुद्धा पाडत नाही, आणि अंथरूण धरतो तो माणूस.

त्याचं नाव क्रिमियन-काँगो रक्तस्रावी ताप. डॉक्टर मंडळी सीसीएचएफ म्हणतात. १९४४ साली क्रिमियात तो ओळखला गेला, १९५६ मध्ये काँगोत विषाणू हाती लागला, आणि पुढे दोन्हीकडचा आजार एकच निघाला म्हणून हे जोडनाव. भारतातली पहिली खात्रीशीर नोंद जानेवारी २०११ ची, अहमदाबाद जिल्ह्यातल्या साणंद तालुक्यातल्या कोलाट गावची. एक बाई गेली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर गेले, नर्सही गेली. बाईचा नवरा आजारी पडला, पण वाचला. निदान झालं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत. त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१३-१४ मध्ये २२ राज्यं आणि एका केंद्रशासित प्रदेशातल्या गाई-म्हशी, मेंढ्या आणि शेळ्यांचे ५,६३६ रक्तनमुने पाहिले. ३५४ नमुन्यांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे ही गोष्ट एकट्या गुजरातची नव्हती. देशात ठिकठिकाणी जनावरांच्या अंगातून विषाणू गुपचूप येऊन गेला होता. २०२० मध्ये गुजरातला लागून असलेल्या पालघर जिल्ह्यात प्रशासनाने खबरदारीचा इशाराही काढला होता.

तेव्हा जनावराकडे बघून काही कळणार नाही. बघायचं ते गोचिडीकडे. ते कसं बघायचं, घरच्या घरी काय करायचं आणि कुठे हात लावायचा नाही, ते खाली क्रमाने सांगतो.

आधी नावाचा घोळ मिटवू

आपल्याकडे 'गोचीड ताप' म्हटलं की संकरित गाईचा थायलेरिया डोळ्यांपुढे येतो. १०५-१०६ डिग्री ताप, खांद्यापुढची गाठ सुजलेली, गाय खाली बसलेली. किंवा लाल लघवीचा बबेसिया. हे जनावरांचे आजार, रक्तातल्या परजीवींचे. सीसीएचएफ विषाणूचा आणि माणसाला मारणारा. दोन्ही वेगळे. पण एक धागा आहे, आणि तो फार कामाचा आहे: गाईला थायलेरिया देणारी गोचीड हायलोमा जातीची असते आणि सीसीएचएफचा विषाणू बाळगणारी मुख्य जातही हायलोमाच. म्हणून तुमच्या गोठ्यात कधी थायलेरियाची गाय निघाली असेल, तर हायलोमा तिथे राहते हे धरूनच चाला. विषाणू आहे असं नव्हे. तो आला तर त्याला बसायला घर तयार आहे, इतकंच.

कोकणाकडचा माकडताप आणखी निराळा. तोही गोचिडीचाच, पण विषाणू दुसरा, गोचीड दुसरी. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली तेव्हा तो सापडला. २०१६ मध्ये सिंधुदुर्गात पोचला. आणि २०१८ मध्ये नागपूरच्या बाजूला गाजलेला स्क्रब टायफस हा तर विषाणूचाही नाही, गोचिडीचाही नाही. तो बारीक किड्यांमुळे होणारा जिवाणूचा ताप. त्याला वेळेवर डॉक्सिसायक्लिन मिळालं की माणूस उठतो. हे सारे ताप सुरुवातीला सारखेच दिसतात, म्हणून ही नावं माहीत असलेली बरी.

पहिलं काम : बशी, भिंग, वही

सामान फार नाही. पांढरी बशी, शाळेतल्या पोराचं भिंग, निमुळत्या टोकाचा चिमटा, रबरी हातमोजे, घट्ट झाकणाची काचेची किंवा प्लास्टिकची बाटली, तिच्यात अर्ध्यापर्यंत स्पिरिट. आणि एक वही. हातमोजे नसतील तर जाड प्लास्टिकची पिशवी हातात चढवा, पण उघड्या हाताने नको. पूर्ण बाह्यांचा फिका सदरा घाला, म्हणजे अंगावर चढलेली गोचीड लगेच दिसते.

गाय शांत उभी करून एक गोचीड चिमट्याने काढा, बशीत टाका आणि भिंगातून पाय बघा. पायांवर पांढुरक्या-पिवळसर कड्या दिसतात का? बांगड्या घातल्यासारख्या? तोंडाचा भाग पुढे लांब आलेला आहे का? आणि बशीत टाकल्याबरोबर ती काठाकडे पळायला लागली का? तिन्ही उत्तरं 'हो' असतील तर बहुधा हायलोमा. उपाशी असताना ज्वारीच्या दाण्याएवढी, तपकिरी, चपटी. रक्त पिऊन फुगली की चिंचोक्याएवढी.

पायांवर कड्या नाहीत, तोंड आखूड, बशीत सुस्त पडून राहते आणि फुगल्यावर एरंडीच्या बीसारखी राखाडी दिसते, ती बूफिलस. गावात जास्त दिसते ती हीच. पिल्लापासून मोठी होईपर्यंतचे तीनेक आठवडे ती एकाच जनावरावर काढते. हायलोमाचं तसं नाही. ती वाढताना मधे खाली उतरते, भिंतीच्या फटीत कात टाकते आणि पुन्हा दुसऱ्या जनावरावर चढते, वेळ पडली तर माणसावरही. आणि एकदा विषाणू अंगात शिरला की जन्मभर तो तिच्यात राहतो, काही वेळा अंड्यांतूनही पुढच्या पिढीत जातो. एका मादीची अंडी हजारांच्या घरात.

भिंगात पहिल्यांदा त्या कड्या दिसल्या की गंमत वाटते. काकूंच्या नातवाने तर बशी शेजारच्या घरी नेऊन दाखवली. मी म्हटलं, बाळा, आधी झाकण लाव.

दुसरं काम : मोजणी

पाच जनावरं निवडा. त्यात एखादी शेळी असू द्या. दर पंधरा दिवसांनी तीच पाच बघायची, सकाळी चरायला सोडण्याआधी. जनावराची फक्त एक बाजू मोजा आणि आकडा दुप्पट करा. गोचीड मोजण्याची ही नेहमीची पद्धत आहे, सारं अंग चाचपत बसायची गरज नाही. जागा ठरलेल्या: कानाच्या आत, गळ्याच्या पोळीखाली, काखेत, जांघेत, कासेवर, शेपटीच्या मुळाशी. हायलोमाला कास आणि शेपटीखालचा भाग फार आवडतो. नव्याने मोजणारा नेमका तिथेच बघत नाही, कारण गाय लाथ मारते.

वहीत तारीख, जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, एकूण गोचिडी आणि त्यातल्या कड्यावाल्या किती, एवढं लिहा. शेवटी औषध कधी मारलं तेही. मृगाचा पाऊस पडला की आकडा चढू लागतो. पोळ्याला बैल धुवायला नदीवर नेतो, तेव्हा खांदा शेकताना गळ्याखालीही एकदा हात फिरवून बघा. दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा काढताना 'रोगराई घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडायचंच आहे, तर निदान आकडा घेऊन ओरडा.

वही चार-सहा महिने चालली की गोष्टी आपोआप कळतात. एकाच गोठ्यात आकडा का चढतो, बाजारातून कोणतं ढोर आणल्यावर चढला, कोणतं औषध लागू पडेना. संशोधक येऊन दोन दिवसांत जे बघतो त्यापेक्षा ही वही जास्त सांगते. हे मी उगाच म्हणत नाही. एकवेळचा नमुना म्हणजे फोटो, आणि गोचीड ऋतूप्रमाणे बदलणारी वस्तू.

चिरडायची नाही

माझी आजी संध्याकाळी गाईजवळ बसायची आणि गोचिडी उपटून नारळाच्या करवंटीत टाकायची. करवंटीत थोडं घासलेट. आजी त्या कधी फोडायची नाही, कारण तिला वास सहन व्हायचा नाही. आम्ही पोरं मात्र दगडावर ठेवून टाचेने फोडायचो. टचकन रक्त उडायचं आणि हसायचो. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. गोचीड चावल्याने जसा हा विषाणू येतो, तसाच ती फोडताना तिचं रक्त बोटाच्या चिरेत गेल्यानेही येतो. कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटांना चिरा नसतात असं कधी पाहिलंय?

म्हणून नखाने, दगडाने, दातांनी (हो, दातांनी फोडणारे गुराखी मी पाहिले आहेत) काही नाही. काढलेली गोचीड स्पिरिटच्या किंवा घासलेटच्या बाटलीत. बाटली भरली की चुलीत रिकामी करू नका, भडका होईल. गोठ्यापासून लांब खड्डा करून पुरा. मग हात साबणाने धुवा, हातमोजे घातले होते तरी.

औषध मारताना

इथे विदर्भातली जुनी खोड आडवी येते. घरात कपाशीचं औषध पडलेलं असतं, पाठीवरचा पंप असतो, आणि माणूस म्हणतो, किडाच मरायचा आहे ना? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती माणसं गेली ते आपण पाहिलं. ते औषध ढोराच्या कातडीवर मारलं तर ते चाटतंही आणि कातडीतून आतही घेतं. माझ्या एका गोऱ्ह्याची मी तरुणपणी अशीच दशा केली होती. औषध बरोबर होतं, पण पंप कपाशीचा, नीट न धुतलेला. रात्रभर तोंडातून फेस. वाचला, पण त्या रात्रीनंतर आमच्या घरी ढोराचा पंप वेगळा आहे, त्यावर लाल रंगाने 'ढोर' लिहिलेलं आहे.

पशुवैद्यकीय दुकानात मिळणारं डेल्टामेथ्रिन (१.२५ टक्के) गोचिडीसाठी साधारण लिटरला २ मिलि, अमिट्राझ (१२.५ टक्के) तेही लिटरला २ मिलि. बाटलीवरची चिठ्ठी वेगळं सांगत असेल तर चिठ्ठी खरी. मोठ्या ढोराला दोन-अडीच लिटर पाणी तरी लागतं. लोक अर्ध्या लिटरात पाठ ओली करतात आणि कास कोरडी राहते. आधी भरपूर पाणी पाजा, मुसकं बांधा, सावलीत उभं करा, केसांच्या उलट दिशेने मारा. कानात आणि कासेला औषधात भिजवलेल्या फडक्याने पुसा. दूध काढून झाल्यावरच, आणि पुढच्या धारेआधी कास धुवा. वासरू, गाभण किंवा अशक्त जनावर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. अमिट्राझ घोड्याला चालत नाही. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दुभत्या गाईला देऊ नये, ते दुधात उतरतं.

दोन आठवड्यांनी परत. कारण पहिल्या वेळी अंगावरच्या मरतात, अंड्यातून निघालेल्या नव्या तोवर चढलेल्या असतात. आणि वहीत दोनदा मारूनही आकडा उतरला नाही, तर मात्रा वाढवू नका, औषधाचा गट बदला. डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिन एकाच गटाचे, त्यांची अदलाबदल म्हणजे बदल नव्हे. आपल्याकडच्या गोचिडी या गटाला बऱ्याच ठिकाणी दाद देईनाशा झाल्या आहेत.

कोठा

गोचिडी काही साऱ्याच अंगावर नसतात, बऱ्याचशा कोठ्यात, म्हणजे गोठ्यात असतात. मातीच्या भिंतीच्या फटी, गव्हाणीचा सांधा, कुडाच्या तुराट्या, दारात रचलेल्या पऱ्हाट्या. ढोरावर औषध मारून त्याला त्याच कोठ्यात बांधणं म्हणजे अंघोळ करून घामाचे कपडे घालणं. फटी माती-सिमेंटने बुजवा, वर चुना मारा. जिथे छप्पर पेटायची भीती नाही अशा सिमेंटच्या गोठ्यात ज्योतीच्या बंदुकीने फटी शेकतात. तुराट्याच्या कोठ्यात हा प्रकार चुकूनही करू नका. कोंबड्या सोडा, त्या बऱ्याच गोचिडी टिपतात. कडुनिंबाचा पाला, करंजाचं तेल यांचा थोडा उपयोग आहे, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

बाजारातून आणलेलं ढोर सरळ कळपात घालू नका. औषध मारून दोन आठवडे वेगळं बांधा. रब्बीनंतर काठेवाडी मंडळी गाई-मेंढ्या घेऊन आपल्या शिवारात उतरतात, रानात मेंढ्या बसवतो आपण. त्यांना दोष द्यायचं कारण नाही, गोचीड आपल्याकडेही आहे. त्यांच्याशी बोला, जमलं तर दोघांच्या ढोरांना एकाच आठवड्यात औषध मारा.

कंदोरीला किंवा सणाला बकरं कापायचं असेल, तर त्याला दोन आठवडे आधी औषध मारून गोचीडमुक्त ठेवावं. ताज्या रक्ताला उघडा हात नको, विशेषतः हाताला जखम असलेल्याचा. शिजवलेल्या मटणातून आणि उकळलेल्या दुधातून हा ताप येत नाही.

माणसाला चावली तर

तेल, चुना, जळती उदबत्ती काही लावू नका. गोचीड चवताळते आणि पोटातलं जखमेत ओकते. बारीक चिमट्याने कातडीला अगदी चिकटून तोंडाशी धरा, न पिळता सरळ वर ओढा. जागा साबणाने धुवा. गोचीड बाटलीत, तारीख वहीत. आणि पुढचे चौदा दिवस लक्ष.

चाव्यानंतर बहुधा १ ते ३ दिवसांत, जास्तीत जास्त ९ दिवसांत लक्षणं येतात. रक्ताच्या संपर्काने आला तर ५-६ दिवस, फार तर १३. ताप एकदम चढतो. डोकं, पाठ, मान, डोळे दुखतात, उजेड सोसत नाही. उलट्या, पोटदुखी. दोन-चार दिवसांनी माणूस सुस्त पडतो, मग तोंडातल्या टाळूवर आणि कातडीवर बारीक लाल ठिपके, हिरड्यांतून आणि नाकातून रक्त. मृत्यूचं प्रमाण १० ते ४० टक्के सांगितलं जातं. मृत्यू येतो तो बहुधा दुसऱ्या आठवड्यात, आणि जे वाचतात ते साधारण नवव्या-दहाव्या दिवशी वळण घेतात. तेव्हा पहिले दिवस 'व्हायरल असेल' म्हणत घालवू नका. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफेनॅकचं दुखण्याचं इंजेक्शन टाळा, रक्तस्राव वाढतो. तापाला पॅरासिटामॉल चालतं. १०८ बोलवा.

डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: "आमच्याकडे ढोरं आहेत, अमुक तारखेला गोचीड चावली." किंवा "बकरं कापलं होतं." हे न सांगितल्यामुळेच डेंगी-मलेरियात दिवस जातात, आणि उपचार करणारेही बेसावध राहतात. कोलाटला गेलेले ते डॉक्टर आणि नर्स आठवा. घरात रुग्णाची उलटी, रक्त साफ करायची वेळ आलीच तर हातमोजे, तोंडाला मास्क, आणि लिटरभर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम ब्लीचिंग पावडर. कपडे नदीवर धुवायला नेऊ नका.

तपासणी गावात होत नाही. रुग्णाचं रक्त तिहेरी बंदिस्त डब्यात, बर्फात, आरोग्य खात्यामार्फत पुण्याला जातं, कारण जिवंत विषाणू हाताळायला सर्वांत कडक बंदोबस्ताची प्रयोगशाळा लागते आणि ती तिथे आहे. औषध म्हणून रिबाव्हिरिन वापरतात. पण मुख्य उपचार म्हणजे सलाईन, रक्तघटक आणि चोवीस तास लक्ष. सर्रास वापरता येईल अशी लस नाही.

नमुने घ्यायला कोणी आलं, किंवा तुम्हीच पाठवले तर

माणसाचा डॉक्टर आणि ढोराचा डॉक्टर एका टेबलाशी बसले पाहिजेत, हे आता सरकारी कागदावरही आलं आहे. नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ ला झाली. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठही नागपुरातच. पण नमुना सुरू होतो तुमच्या दावणीपासून.

ढोराचं रक्त फक्त पशुवैद्यकाने काढावं. पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या नंबरवर फोन करून विचारता येतं. त्या रक्तात प्रतिपिंडं सापडली तर त्याचा अर्थ पूर्वी कधीतरी विषाणू येऊन गेला असा. ते जनावर आज धोकादायक आहे, विकून टाका, असा नव्हे. हे आधीच सर्वांना समजावा, नाहीतर बिल्ल्याचा नंबर सांगायला कोणी तयार होत नाही. आणि निकाल लेखी कधी मिळेल ते विचारा. आमच्या भागातून एकदा एका पथकाने साठेक ढोरांचं रक्त नेलं, पुढे चकार शब्द नाही. पुढच्या वेळी लोकांनी दावं सोडून ढोरं आधीच रानात हाकलली होती.

गोचीड तुम्ही पाठवू शकता, जातीची ओळख पटवायला स्पिरिटमधली पुरते. विषाणू शोधायला जिवंत किंवा गोठवलेली लागते, ते काम पथकाचं. एका गोठ्याची एक बाटली, आत कागदाची चिठ्ठी: गाव, तारीख, जनावर, अंगावरची जागा. आणि चिठ्ठी पेन्सिलीने लिहा. आमची पहिली खेप मी बॉलपेनने लिहिली होती. तालुक्याला पोचेपर्यंत स्पिरिटने शाई धुतली, बावीस बाटल्यांत बावीस कोऱ्या निळसर चिठ्ठ्या. कोणाच्या ढोराची गोचीड कोणती, ते कोणालाच सांगता येईना. काकूंच्या कोठ्यातल्या वहीला तेव्हापासून सुतळीने पेन्सिल बांधलेली आहे.